अमेरिकेत नोकरी बदलून नर्सिंगला जायचंय: अर्जाची तयारी कशी करावी?

कोरांटी:
भारतातली तीन वर्षांची बी.कॉम., सध्या विमा कंपनीत क्लेम्सचं काम, ग्रीन कार्ड आहे. आरएन (परवानाधारक नर्स) व्हायचं नक्की केलंय. कम्युनिटी कॉलेजचं (स्थानिक सरकारी कॉलेजचं) एडीएन म्हणजे असोसिएट पदवी, पदवीधरांसाठीचं एबीएसएन म्हणजे वेगवान बॅचलर्स आणि थेट एमएसएन म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स असे तीन रस्ते दिसतात. विज्ञान बारावीलाही नव्हतं. सुरुवात कुठून करायची, जुन्या गुणांचं काय होतं, टीज ही प्रवेश परीक्षा कधी द्यायची आणि चांगल्या नर्सिंग शाळेत (म्हणजे कॉलेजात) जागा देताना नेमकं काय मोजतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पाणकणीस:
कोरांटी, कुठल्याही वर्गात नाव घालायच्या आधी शाळांची यादी करा. बहुतेक जण उलटं करतात. जवळच्या कॉलेजात ॲनाटॉमी घेऊन टाकतात, वर्षभराने अर्ज उघडतात आणि तेव्हा कळतं की एका शाळेला केमिस्ट्री लॅबसकट हवी होती, दुसरीला न्यूट्रिशन हवं होतं आणि तिसरी ऑनलाइन लॅब मानतच नाही. एक वर्ष फुकट जातं, आणि ते हुशारी कमी पडली म्हणून नव्हे.

एक्सेलमध्ये सहा ते आठ शाळा मांडा. प्रत्येकीसमोर लिहा: कुठले प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय), किती क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरणारं विषयाचं वजन), किमान ग्रेड काय (जिथे बी लागतो तिथे बी-मायनसही बऱ्याचदा चालत नाही), विज्ञानाचे विषय किती वर्षं ग्राह्य (पाच, सात, काही ठिकाणी दहा), अर्जाच्या दिवशी किती विषय बाकी असलेले चालतात, प्रवेश परीक्षा टीज की हेसी, पुन्हा घेतलेला विषय कसा धरतात, परदेशी पदवीसाठी कुठल्या संस्थेचं मूल्यांकन लागतं, शेवटची तारीख. हा तक्ता भरायला दोन शनिवार-रविवार जातील. त्यानंतरच विषय निवडा.

तीन रस्त्यांबद्दल थोडक्यात. एडीएन: प्रीरिक्विझिट झाल्यावर साधारण दोन वर्षं, फी सगळ्यात कमी. एबीएसएन: कुठल्याही विषयातली बॅचलर्स लागते, १२ ते १८ महिने, वेग जबरदस्त. थेट एमएसएन: जॉन्स हॉपकिन्स आणि कोलंबिया यांचे कोर्स या प्रकारचे, फी मोठी. लक्षात ठेवा, या एमएसएनने बहुतेक ठिकाणी तुम्ही आरएनच होता, नर्स प्रॅक्टिशनर (निदान करून औषध लिहून देणारी वरच्या पातळीची नर्स) नाही. तिन्हीकडून शेवटी एकच एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा द्यायची असते.

निळावंती:
पाणकणीस यांच्याशी शंभर टक्के सहमत. स्पर्धा का आहे तेही समजून घ्या, म्हणजे नकार आला तर खचायला होणार नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये पात्र ठरलेले ६५,७६६ अर्ज परत गेले. हे अर्ज आहेत, माणसं नव्हेत. एकेक जण चार-पाच अर्ज करतो. कारणं नेहमीचीच: शिकवायला प्राध्यापक नाहीत, हॉस्पिटलांत क्लिनिकलसाठी (रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष सरावासाठी) जागा नाहीत. नोकरीतल्या नर्सचा पगार प्राध्यापकापेक्षा बरेचदा जास्त असतो, त्यामुळे शिकवायला कोण येणार?

आता गुणांचं. तुमची पदवी भारतातली, त्यामुळे पुष्कळ शाळा तुमचे जुने गुण जीपीएत (ए चे ४, बी चे ३ अशा सरासरीत) धरणारच नाहीत, फक्त पदवी आहे एवढं बघतील. म्हणजे अमेरिकेत घेतलेले सात-आठ विषय हाच तुमचा सगळा जीपीए. ही संधी आहे आणि धोकाही. २४ क्रेडिटमध्ये चार क्रेडिटच्या एका विषयात बी आला की सरासरी ४.० वरून ३.८३, दोन विषयांत आला की ३.६७. चढाओढीच्या शाळेत एवढ्या फरकाने माणूस यादीबाहेर जातो.

अमेरिकन पदवी असलेल्या वाचकांसाठीही हिशेब मांडते. जुनी पदवी १२० क्रेडिट, सरासरी २.८. त्यात २४ क्रेडिट सरळ ए घेऊन मिळवले तरी एकूण जीपीए जेमतेम ३.० होतो. शाळा शेवटचे ६० क्रेडिट बघत असेल तर तोच माणूस ३.२८ वर जातो. आणि फक्त प्रीरिक्विझिट बघत असेल तर ४.०. माणूस तोच, गुणपत्रक तेच. शाळा कुठला जीपीए मोजते यावर निकाल फिरतो. तक्त्यात हा रकाना सगळ्यात आधी भरा.

तिठा:
मूल्यांकनाबद्दल. डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्था चालतात, पण 'कोर्स-बाय-कोर्स' (विषयवार) अहवालच मागवा. नुसता 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' (फक्त पदवीची बरोबरी सांगणारा) स्वस्त पडतो, मात्र नर्सिंग शाळांना तो सहसा पुरत नाही. तीन वर्षांच्या पदवीला अमेरिकन बॅचलर्सची बरोबरी मिळेल की नाही हे संस्थेगणिक आणि विद्यापीठाच्या मानांकनागणिक बदलतं. बरोबरी नाही मिळाली तर एबीएसएन आणि एमएसएन दोन्ही दारं बंद, एडीएन मात्र उघडं राहतं. म्हणून हे काम सगळ्यात पहिलं. भारतातल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत एकत्रित गुणपत्रक) निघायला किती वेळ लागतो हे इथे कुणाला सांगायला नको. घरचं कुणी प्रत्यक्ष खिडकीशी जाऊन पाठपुरावा करणारं असेल तर उत्तम. अर्जाच्या तारखेआधी किमान सहा महिने सुरू करा, आणि सगळ्या वर्षांच्या मार्कशीटवरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का ते बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागद सोबत जोडा, नाहीतर फाइल तिथेच अडकते.

कोरांटी:
मनापासून आभार. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी कुठल्या कॉलेजातून घ्यावं? नोकरी सांभाळून ऑनलाइन जमेल का?

रक्तचंदन:
मी हेच विषय शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

नेहमीची यादी अशी: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी (थोडक्यात ए-अँड-पी) एक आणि दोन (लॅबसकट प्रत्येकी चार क्रेडिट), मायक्रोबायॉलॉजी लॅबसकट चार, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स तीन, मानवी विकासाचं मानसशास्त्र तीन, न्यूट्रिशन तीन, इंग्रजी कॉम्पोझिशन. मानसशास्त्राची गोची अशी की बहुतेक शाळांना जन्मापासून मृत्यूपर्यंतचा 'लाइफस्पॅन' विषय हवा असतो, नुसतं बालविकास चालत नाही.

ए-अँड-पी एक आणि दोन एकाच कॉलेजातून घ्या. काही ठिकाणी पहिल्या सत्रात पूर्ण ॲनाटॉमी आणि दुसऱ्यात पूर्ण फिजिऑलॉजी असते, तर काही ठिकाणी दोन्ही मिसळून संस्थांनुसार भाग पाडतात. अर्धं इथलं आणि अर्धं तिथलं जोडलं की मूत्रसंस्था दोनदा होते आणि अंतःस्रावी ग्रंथी राहूनच जातात. शाळा मग दोन्ही विषय नामंजूर करू शकते. शिवाय बऱ्याच कॉलेजांत ए-अँड-पीलाच जनरल बायॉलॉजीची अट असते. तुमचं विज्ञान नाही, त्यामुळे ते एक सत्र वाढवूनच हिशेब करा.

क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्या) कॉलेजचं गणित वेगळं. क्वार्टर क्रेडिटला दोन तृतीयांशाने गुणायचं. पाच क्वार्टर क्रेडिटचे ३.३३ सेमिस्टर क्रेडिट होतात, आणि अट चारची असेल तर तुम्ही कमी पडता. आधी ईमेलवर लेखी विचारून ठेवा. फोनवरच्या "हो, चालेल" ला नंतर काही आधार राहत नाही.

ऑनलाइनबद्दल: थिअरी ऑनलाइन आणि लॅब कॉलेजात, हा मधला मार्ग बहुतेकांना मान्य असतो. पूर्ण ऑनलाइन लॅबला आजही काही शाळा नाही म्हणतात. नोकरी चालू ठेवून एका सत्रात लॅबचा एकच विषय घ्या, सोबत हवं तर स्टॅटिस्टिक्स. ए-अँड-पी आणि मायक्रो एकत्र घेऊ नका.

आणि अभ्यास. स्नायूंची नावं पाठ करणारी मुलं लॅबच्या प्रॅक्टिकलमध्ये पडतात, कारण तिथे मॉडेलवर टाचणी लावलेली असते आणि एका टाचणीला मिनिटभर मिळतं. पुस्तकातलं चित्र समोरून काढलेलं असतं, मॉडेल तुमच्याकडे तिरकं ठेवलेलं असतं. ओपन लॅबच्या वेळेत जाऊन मॉडेल हातात घ्या, फिरवून बघा, स्पेलिंगसकट लिहून काढा. 'इलियम' हाडाचं आणि 'इलियम' आतड्याचं यांत एका अक्षराचा फरक आहे, तिथे गुण कापले जातातच.

विषय अंगावर येतोय असं वाटलं तर डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची नोंद) घ्यायची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. एकुलता डब्ल्यू सहसा निभावतो. सी घेऊन पुन्हा बसणं महागात पडतं, कारण काही शाळा पहिलाच प्रयत्न मोजतात आणि काही दोन्हींची सरासरी काढतात. पास-फेल पर्याय तर विज्ञानात घेऊच नका.

पाणकणीस:
कम्युनिटी कॉलेजांबद्दल एक भर. पुष्कळ कॉलेजं गुणतक्ता वेबसाइटवर टाकतात. जीपीएला इतके, टीजला इतके, आधीच्या पदवीला इतके, आरोग्यसेवेतल्या अनुभवाला इतके. तुमची बेरीज तुम्हीच करू शकता. कॅलिफोर्नियात जिथे बहुनिकष निवड आहे, तिथे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं हा कायद्यातच लिहिलेला निकष आहे आणि त्यात भारतीय उपखंडातल्या भाषा धरल्या आहेत. म्हणजे मराठीचेही गुण मिळू शकतात; पुरावा काय द्यायचा ते कॉलेज सांगतं. काही कॉलेजं मात्र किमान पात्रता पार केलेल्यांची सोडत काढतात. तिथे ४.० आणि ३.२ एकाच रांगेत, म्हणून सगळी भिस्त एका सोडतीच्या कॉलेजवर ठेवू नये.

अबोली_ठिपके:
टीजवर लिहिते.

एकूण १७० प्रश्न, २०९ मिनिटं. वाचन ४५ प्रश्न ५५ मिनिटांत, गणित ३८ प्रश्न ५७ मिनिटांत, विज्ञान ५० प्रश्न ६० मिनिटांत, इंग्रजी ३७ प्रश्न ३७ मिनिटांत. यातले २० प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण कुठले ते कळत नाही. विज्ञानाच्या गुण धरल्या जाणाऱ्या ४४ प्रश्नांपैकी १८ ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे असतात. म्हणून परीक्षा ए-अँड-पी दोन संपल्यावर तीन-चार आठवड्यांत द्या, डोक्यात ताजं असताना. आधी दिलीत तर हेच गुण हातचे जातात, फार उशीर केलात तर पुन्हा सगळं वाचावं लागतं.

आपल्याकडे शिकलेल्यांचं गणित सहसा चांगलं असतं. अडतं ते पौंड-औंस, कप-पाइंट-गॅलनच्या रूपांतरांत. तेवढं घोटून घ्या. इंग्रजीच्या विभागात स्वल्पविराम, अर्धविराम, अपॉस्ट्रॉफी यांवर प्रश्न येतात आणि वेळ एका प्रश्नाला एक मिनिट. व्याकरण येतंय म्हणून सरावाशिवाय जाऊ नका. कॅल्क्युलेटर स्क्रीनवर मिळतो, साधा, चार क्रियांचा.

पुन्हा परीक्षा देण्याचे नियम शाळेचे असतात: दोन प्रयत्नांत किती दिवसांचं अंतर, वर्षात किती प्रयत्न, कुठला गुण धरणार. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत किमान रेषा ६२ टक्क्यांची आहे. चढाओढीच्या ठिकाणी ६२ घेऊन भागत नाही, ८० च्या वर गेलात तर अर्जाला वजन येतं. हेसी ए-टू ही वेगळी परीक्षा, एल्सेव्हियरची. तिच्यात कुठले विभाग द्यायचे ते शाळा ठरवते, त्यामुळे एका शाळेसाठी दिलेली दुसरीला अपुरी पडू शकते.

तिठा:
अनुभवाबद्दल कुणी बोललं नाही अजून. क्लेम्सचं काम हा रुग्णसेवेचा अनुभव धरत नाहीत. सीएनएचं (प्रमाणित नर्सिंग सहाय्यकाचं) प्रशिक्षण घ्या. संघराज्याच्या नियमानुसार किमान ७५ तास, त्यातले १६ देखरेखीखालचे प्रत्यक्ष. काही राज्यांत याहून बरेच जास्त. शनिवार-रविवारच्या बॅच असतात. प्रवेशाचे गुण हा एक भाग झाला. माणसाला कुशीवर वळवणं, बेडपॅन, तोंडाची स्वच्छता हे आपल्याला झेपतं का, ते मोठी फी भरायच्या आधी कळतं.

निळावंती:
तिठा, थोडी असहमती. सीएनए चांगलंच, पण त्यासाठी ए-अँड-पीचा ए घालवू नये. ज्या शाळेच्या गुणतक्त्यात अनुभवाला गुणच नाहीत, तिथे सीएनएचं सत्र म्हणजे उशीर. अशांनी हॉस्पिटल किंवा हॉस्पिसमध्ये (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रात) आठवड्याला चार तास स्वयंसेवा सहा महिने करावी. पुरेसं आहे.

तिठा:
एडीएनच्या गुणतक्त्यापुरतं मान्य. पण निबंध आणि मुलाखत घेणाऱ्या एबीएसएन शाळांत प्रत्यक्ष रुग्णाला हात लावलेला उमेदवार बोलताना लगेच ओळखू येतो. माझं मत तेच आहे.

रक्तचंदन:
निबंधाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. "मला लोकांची सेवा करायची आवड आहे" हे वाक्य वाचून कुणालाही काही कळत नाही. समितीला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: नर्सिंगच का (डॉक्टर, फिजिओ, समाजसेवक का नाही), आत्ताच का, आणि हा वेग झेपेल याचा पुरावा काय. कोरांटी, तुमच्याकडे चांगला धागा आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा महिन्याच्या आत दुसरा क्लेम येतो, तेव्हा त्याला घरी सोडताना रोज वजन करायला सांगितलं होतं का, पाण्याची गोळी (अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी) समजली होती का, हे फाइलमध्ये दिसत नाही. ते समजावण्याचं काम नर्सचं. इथून सुरुवात केलीत तर नर्सचं काम तुम्हाला ठाऊक आहे हे आपोआप दिसतं. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील मात्र चुकूनही नको, गोपनीयतेचा भंग हा थेट नकार आहे.

आधीच्या नोकरीला नावं ठेवू नका. आणि साच्यातला एकच निबंध आठ शाळांना पाठवू नका. शाळेचं नाव बदलायचं राहून जातं, असे निबंध खरंच येतात.

शिफारसपत्रं: एक अलीकडच्या विज्ञान प्राध्यापकाचं, एक वरिष्ठांचं. प्राध्यापक तुम्हाला ओळखायला हवेत, त्यामुळे सत्राच्या पहिल्या महिन्यापासून ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला) जा. पत्र मागताना सहा आठवडे आधी मागा आणि सोबत रेझ्युमे, निबंधाचा मसुदा, तारखा द्या. पत्र बघण्याचा हक्क सोडल्याची खूण करा, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

पाणकणीस:
नर्सिंगकॅसवर (अनेक शाळांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या साइटवर) अर्ज असेल तर तीन तारखांमधला फरक ओळखा. काही शाळांना त्या दिवशी अर्ज नुसता सबमिट झालेला चालतो, काहींना कागदपत्रांसकट पूर्ण हवा, तर काहींना पडताळणी होऊन गेलेला हवा. तिसऱ्या प्रकारात अखेरच्या आठवड्यात सबमिट केलेला अर्ज बाद होतो. प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक विषय, सोडलेला धरून, ट्रान्सक्रिप्टवर आहे तसाच भरायचा. ट्रान्सक्रिप्ट समोर नसताना आठवणीने भरलं की विसंगती निघते, अर्ज दुरुस्तीला परत येतो आणि रांगेत पुन्हा मागे जातो. पुन्हा घेतलेल्या विषयांचे दोन्ही ग्रेड तिथे जीपीएत धरतात. तुमच्या कॉलेजने जुना ग्रेड पुसला असला तरीही.

शाळा निवडताना मान्यता बघा: सीसीएनई किंवा एसीईएन, आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी. बोर्डाच्या साइटवर एनक्लेक्सचा पहिल्या प्रयत्नाचा निकाल असतो. एका वर्षाचा नको, पाच वर्षांचा बघा, आणि सोबत विचारा की ६० जण घेतले त्यातले वेळेत किती बाहेर पडले. निकाल ९८ टक्के आणि वाटेत एक तृतीयांश गळालेले, असं असेल तर तो ९८ फसवा आहे.

सांजवात:
मध्येच विचारते. एच-४ वर (जोडीदाराच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आश्रित) आहे, ईएडी (काम करायची परवानगी) नाही. हे सगळं मला लागू आहे का?

तिठा:
सांजवात, शिक्षण घेता येतं, पगारी काम नाही. म्हणजे सीएनएची नोकरी नाही, हॉस्पिटलात स्वयंसेवा मात्र करता येते. संघराज्याचं शैक्षणिक कर्ज एच-४ ला मिळत नाही. राज्यातल्या रहिवाशांची फी लागेल की नाही हा राज्याचा नियम, कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला विचारा. परवान्यासाठी काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. कॅलिफोर्निया आयटीआयएनवरही (करासाठीच्या वेगळ्या क्रमांकावरही) अर्ज घेतं. पुढचं म्हणजे, साध्या आरएन पदाला एच-१बी सहसा बसत नाही, कारण त्या पदाला बॅचलर्सची सक्ती नसते. ग्रीन कार्डसाठी नर्सिंग शेड्यूल ए मध्ये (तुटवडा मान्य झालेल्या कामांच्या यादीत) आहे, म्हणून पर्मची (अमेरिकन कामगार मिळत नाही हे दाखवायची) पायरी वाचते, भारतीयांची रांग मात्र वाचत नाही. फी भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या.

कोरांटी, तुमच्यासाठी: ग्रीन कार्डवर फाफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरा. एक बॅचलर्स असल्यावर पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळत नाही, परदेशातली असली तरी. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद, त्यामुळे थेट एमएसएनचा खर्च जमवणं आणखी अवघड. नर्स कॉर्प्स शिष्यवृत्ती बघा, फी भरतात आणि मासिक भत्ताही देतात, बदल्यात तुटवडा असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं नोकरी.

कोरांटी:
खूपच स्पष्ट झालं. तक्ता आजच करते आणि मूल्यांकनाचा अर्जही भरते. शेवटचा प्रश्न: प्रवेश मिळाल्यावर लसींचे कागद मागतात म्हणे. लहानपणचं काहीच हाताशी नाही.

अबोली_ठिपके:
कागद नसले तरी अडत नाही, रक्तातले टायटर (प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी तपासणी) काढून घ्या: गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस बी. हे प्रवेशाची वाट न बघता करा. हेपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, आणि टायटर शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी. प्रवेशपत्र मे महिन्यात आणि वर्ग ऑगस्टमध्ये असेल तर हे बसतच नाही. हेप्लिसाव्ह ही दोन डोसची लस महिन्याच्या अंतराने होते, घाई असेल तर तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

टीबीसाठी हातावरची टोचणी घेऊ नका. आपल्याला बीसीजी दिलेली असते, त्यामुळे ती टोचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, पत्रव्यवहार असं सगळं मागे लागतं. क्वांटिफेरॉनसारखी रक्ततपासणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणखी एक: एमएमआर किंवा कांजिण्यांची लस घेतली की पुढचे चार आठवडे टीबीच्या तपासणीवर विश्वास ठेवता येत नाही. रक्ततपासणी आधी करा, किंवा दोन्ही एकाच दिवशी.

रक्तचंदन:
ड्रग टेस्टचंही सांगून ठेवते. जायच्या आधी ढसाढसा पाणी पिऊ नका. नमुना पातळ निघाला तर अहवाल 'डायल्यूट' येतो आणि पुन्हा बोलावतात. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी शाळा आणि हॉस्पिटलं तो चालवून घेत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध चालू असेल तर प्रिस्क्रिप्शनची प्रत जवळ ठेवा. अहवाल पडताळणारा डॉक्टर फोन करून विचारतो, तो फोन अनोळखी नंबर म्हणून टाळू नका.